घरून ऑनलाइन विक्री सुरू करताय? नाशिककरांसाठी पहिल्या पावलापासून

घरून काहीतरी ऑनलाइन विकायचं आहे, असं म्हणणारं कुणी ना कुणी हल्ली प्रत्येक सोसायटीत भेटतं. सिडकोतल्या एखाद्या ताई उन्हाळी कामं उत्तम करतात, सातपूरला कंपनीत नोकरी करणारा कुणी सुट्टीच्या दिवशी पिंपळगावचे मनुके विकायचं म्हणतो, कॉलेज रोडची एखादी मुलगी हाताने केलेले दागिने दाखवते. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ सारखाच असतो: वेबसाइट करू की एखादा कोर्स लावू?

माझं म्हणणं असं, की या दोन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवा. आधी तोलायला, हिशोब मांडायला, खोका भरायला आणि गिऱ्हाइकाला चार ओळी नीट लिहायला शिका. ऑनलाइन धंद्यातला ऑनलाइन भाग फार थोडा असतो आणि तो मोबाइलवर आठवड्याभरात जमतो. बाकीचं सगळं घरातल्या ओट्यावर आणि पोस्टाच्या खिडकीवर घडतं, आणि नवखी माणसं तिथेच अडतात.

उदाहरणासाठी मी नागलीचे पापड धरते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या भागात नागली पिकते, घरोघरी उन्हाळ्यात पापड होतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेल्या नाशिककरांना ते हवे असतात. तुमची वस्तू दुसरी असली तरी पावलं हीच.

पहिलं पाऊल: एकच वस्तू, एकच माप

सुरुवातीला पापड, कुरडया, सांडगे, मसाला, लोणचं अशी मोठी यादी करू नका. एक वस्तू घ्या आणि तिचं एकच पाकीट ठरवा, समजा पाव किलोचं. यादी लांबली की प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशोब, वेगळं लेबल, वेगळा खोका लागतो आणि कशातच हात बसत नाही. वस्तू निवडताना ती टिकते का, प्रवासात तग धरते का आणि लोक ती पुन्हा मागवतात का, एवढं पाहा. पापड टिकतात आणि पुन्हा मागवले जातात. प्रवासाचा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येऊ.

दुसरं पाऊल: वही

सगळ्यात जास्त वेळ या पावलाला द्या. शंभर पानी वही आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, एवढंच भांडवल लागतं. एका किलो पिठाचे पापड करायला घ्या आणि प्रत्येक गोष्ट तोलून, घड्याळ बघून लिहा: नागली केवढ्याला मिळाली, दळणाचे किती गेले, मीठ, जिरं, तीळ, हिंग, पापडखार किती लागला, उकड काढायला गॅस किती वेळ चालला, लाटायला किती वेळ लागला. वाळल्यावर पापड पुन्हा तोला. पिठाचं वजन आणि पापडाचं वजन सारखं येईलच असं नाही, त्यामुळे अंदाज नको, काट्यावर काय आलं तेच लिहा.

आता मांडणी. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. एका किलोला नागली, दळण, मसाला, गॅस मिळून ११० रुपये. लाटण्या-वाळवण्यात हाताचं काम चार तास, तासाला ६० रुपये धरले तर २४०. चार पिशव्या आणि चार लेबलं मिळून २८. बेरीज ३७८. पाव किलोच्या एका पाकिटाला साडेचौऱ्याण्णव रुपये पडले. त्यात तुटलेले, जळलेले, शेजारी चवीला दिलेले धरा, की पाकीट शंभरावर येतं. म्हणजे हे पाकीट कुणी ८० रुपयांना विकत असेल, तर ते आपली काही मजुरी फुकट देतंय.

आपल्याकडे बायका हिशोब मांडतात तेव्हा मजुरीचा रकाना रिकामा सोडतात. 'घरीच तर केलेत, त्याचे काय पैसे लावायचे?' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मी आधी तोच रकाना भरून घेते. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला कुणाला बोलावलं, तर तिला पैसे द्यावेच लागतील. मग ते किमतीत आजपासूनच असायला हवेत. वरच्या उदाहरणात मी पाकिटाला १४० रुपये ठेवीन आणि पोस्टाचा खर्च वेगळा सांगीन. दुकानातला पापड स्वस्त मिळतो म्हणणारं गिऱ्हाईक भेटेल. ते तुमचं गिऱ्हाईक नाही. वाद घालू नका, हसून सोडून द्या.

वहीतली दुसरी बाजू ऑर्डरींची. तारीख, नाव, गाव, किती पाकिटं, पैसे आले का, कधी पाठवलं, पोचल्याचा निरोप आला का. मोबाइलवरची शीट, म्हणजे रकान्यांचा हिशोबाचा तक्ता, पुढे शिकाच, पण आधी हाताने लिहा. कुठले रकाने लागतात हे लिहितानाच कळतं, आणि ते कळलं की शीट एका संध्याकाळी जमते.

तिसरं पाऊल: कागद

खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच, मग ती घरून विका किंवा दुकानातून. घरगुती छोट्या कामाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मूलभूत नोंदणी पुरते. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर होतो, फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो, फी नाममात्र असते. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा.

दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती जुलै २०२० पासून सुरू आहे, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटावीत अशी नावं घेऊन फी मागणाऱ्या साइट शोधताना वर येतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना हे बघूनच पुढे जा. कुठे अडलात तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन समोरासमोर विचारा. कर्जाच्या आणि अनुदानाच्या योजनांची खरी माहितीही तिथेच मिळते. मात्र पहिल्या सहा महिन्यांत कर्ज काढू नका, असं माझं ठाम मत आहे. वहीत सहा महिन्यांचे आकडे असले की बँकेसमोर बोलायलाही बळ येतं.

चौथं पाऊल: लेबल

पाकीटबंद वस्तूवर काय छापायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. वस्तूचं नाव, करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागे किती पडतात तो दर, तक्रारीसाठी फोन. खाण्याच्या वस्तूवर यात भर पडते: घटक (वजनाने जास्त असलेला आधी), कधीपर्यंत वापरावं ती मुदत, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा क्रमांक. पाव किलोला १४० म्हणजे ग्रॅमला ५६ पैसे.

हे सगळं साध्या स्टिकरवर बसतं. पहिल्यांदाच हजारो छापील पिशव्या मागवू नका, कारण किंमत, मुदत, पत्ता, काहीतरी बदलतंच. साध्या जाड पारदर्शक पिशव्या, घरचं छोटं सीलिंग मशीन आणि झेरॉक्सच्या दुकानातून काढलेले स्टिकर यावर वर्षभर काम भागतं. पिशवी अन्नासाठी चालणारी आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या. वर्तमानपत्रात पापड गुंडाळू नका. छपाईची शाई खाण्याला लागते, आणि अन्नसुरक्षेच्या सूचनांतही ते नको म्हटलेलं आहे.

पाचवं पाऊल: फोटो

मोबाइलची काच स्वच्छ पुसा, फ्लॅश बंद ठेवा, सकाळी खिडकीशी उजेड असतो तिथे पांढरा धुतलेला कपडा अंथरा. कच्चा पापड, भाजलेला पापड आणि हातात धरलेला पापड, असे तीन फोटो पुरतात. हातामुळे आकार कळतो. नागलीचा रंग काळपट लाल असतो, तो फिल्टर लावून उजळू नका, नाहीतर पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक म्हणेल की फोटोतला माल वेगळा होता. दुसऱ्याचे फोटो उचलू नका.

सहावं पाऊल: मोबाइलवरचं दुकान

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप घ्या, शक्यतो वेगळ्या नंबरवर. त्यात कॅटलॉग करता येतो, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात, गिऱ्हाइकांना 'नवीन', 'पैसे बाकी', 'पाठवलं' अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या ऑर्डरीलाच 'नंबर सेव्ह करून ठेवा' असं सांगा. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकून लोकांना त्रास देऊ नका.

गुगलवर व्यवसायाचं प्रोफाइलही मोफत करता येतं. घरून काम करणाऱ्या बायकांना पत्ता उघड करायचा नसतो. तिथे पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवायची सोय आहे, ती जरूर वापरा.

मराठीतच लिहा. टाइप करायला जड जात असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, ते दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. पाठवण्याआधी एकदा वाचून मात्र घ्या.

सातवं पाऊल: पैसे घेणं

धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा. घरखर्चाच्या खात्यात पैसे आले की नफा कुठे गेला ते कधीच कळत नाही. यूपीआयचा क्यूआर कोड त्या खात्याला जोडा.

आता हे लक्ष देऊन वाचा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही आणि समोरच्याने पाठवलेला कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसवणूक करणाऱ्यांची एक ठरलेली पद्धत आहे. फोन येतो, माणूस आदबीने बोलतो, 'लष्करातून बोलतोय, कॅन्टीनसाठी पन्नास पाकिटं हवीत, पैसे आधीच देतो' म्हणतो आणि मग एक कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगतो. देवळालीत तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिककरांना लष्कराबद्दल आदर आहे, त्यामुळे आपल्याकडे अशा फोनवर पटकन विश्वास बसतो. तिथेच फोन ठेवा. पैसे आले का हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः बघा, कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. तरीही पैसे गेलेच तर लाज बाळगून घरात बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आठवं पाऊल: खोका आणि पोस्ट

पापडाचा खरा शत्रू प्रवास. पण हे हाताने शिकता येण्यासारखं काम आहे.

गोल पापडांची चवड पिशवीत घट्ट बसली पाहिजे. पिशवीत हवा राहिली की पापड आत नाचतात आणि कडा तुटतात. चार पाकिटं एकावर एक ठेवा, खाली-वर पुठ्ठ्याची गोल चकती द्या आणि चवडीच्या भोवती कागदाचे बोळे दाबून भरा. इथे जुना पेपर चालतो, कारण पापड पिशवीत बंद आहेत. खोका बंद करून कानाशी धरा आणि हलवा. आवाज आला तर अजून जागा मोकळी आहे, उघडा आणि भरा. मग कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका. एकदा तळावर, एकदा कोपऱ्यावर. उघडून बघा. वाटेत याहून वाईट वागणूक मिळू शकते, त्यामुळे पापडाची दया करू नका.

खोक्याचा आकारही महत्त्वाचा. खाजगी कुरिअरवाले वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचं आणि आकारावरचं, आणि जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकाराचं वजन बहुतेक ठिकाणी असं निघतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. तुमचा माल एक किलोचा. घरात पडलेला ३० बाय ३० बाय २० चा खोका वापरलात तर १८,००० भागिले ५००० म्हणजे ३.६ किलोचे पैसे. तोच माल १८ बाय १८ बाय २० च्या खोक्यात बसवला तर ६,४८० भागिले ५०००, म्हणजे साधारण १.३ किलो. माल तोच, गावही तेच. म्हणून मापाचे खोके घ्या. रविवार कारंजा आणि मेन रोडच्या भागात पॅकिंगच्या सामानाची चौकशी करा. जवळच्या गावांसाठी तीन प्लायचा, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचा, खोका पुरतो, लांबच्यासाठी पाच प्लायचा घ्या.

सुरुवातीला पोस्ट बरं, विशेषतः लहान गावांसाठी, कारण ते सगळीकडे पोचतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच सामावलं गेलंय, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्टच मागा. पावतीवरच्या क्रमांकाचा फोटो काढून लगेच गिऱ्हाइकाला पाठवा. पाठवायचे वार ठरवून टाका, मंगळवार आणि शुक्रवार असे, आणि ऑर्डर घेतानाच ते सांगा. रोज एकेक पार्सल घेऊन मोठं पोस्ट (जीपीओ) गाठण्यात दिवस जातो. पावसाळ्यात खोक्याला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा.

पहिली दोन-तीन पार्सलं वेगवेगळ्या गावांच्या नातेवाइकांना पाठवा, आणि त्यांना एकच काम सांगा: उघडतानाचा फोटो पाठवा, चवीचं कौतुक नको. सोलापूरच्या आत्याबाई पापड छान होते म्हणतील, पण आतल्या चकतीची जागा सरकली होती का, हे फोटोच सांगतो.

नववं पाऊल: तक्रार आली तर

येणारच. अशा वेळी कुरिअरवाल्यावर ढकलू नका आणि लांबलचक खुलासाही देऊ नका. एवढं लिहा: 'नमस्कार ताई, पापड तुटलेले पोचले याबद्दल मनापासून माफी. नवीन पाकीट पाठवू की पैसे परत करू, तेवढं कळवा. तुटलेले परत पाठवायची गरज नाही.' आणि ज्या दिवशी उत्तर येईल त्याच दिवशी ते करा. मग वहीत लाल पेनाने लिहा: कुठलं गाव, कुठला खोका, काय तुटलं. एकाच प्रकारच्या तीन लाल नोंदी दिसल्या तर खोका बदलायची वेळ झाली.

शिकायचं कुठे आणि त्याला पैसे किती मोजायचे

'घरबसल्या महिन्याला लाख कमवा' असे कोर्स विकणाऱ्यांपासून लांब राहा. कोर्स घेण्याआधी एवढं तपासा: शिकवणारा माणूस स्वतः माल विकून पोट भरतो, की कोर्स विकून? फी परत मिळण्याची अट लेखी आहे का? उद्याच्या उद्या पैसे भरा म्हणून घाई करतोय का? व्हिडिओ लाइक करा आणि पैसे मिळवा, आधी थोडी रक्कम भरा, असं काम तर सरळ फसवणूक समजा.

चांगलं शिक्षण आपल्या गावात स्वस्तात आणि काही ठिकाणी फुकट मिळतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. ज्यांचं शिक्षण लग्नामुळे किंवा पैशांमुळे राहून गेलं, त्यांनी चौकशी जरूर करावी, मला ते मनापासून वाटतं. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर हिशोबापासून मार्केटिंगपर्यंतचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. खेड्यातल्या तरुणांसाठी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. आणि १८४० साली सुरू झालेलं आपलं सार्वजनिक वाचनालय आहे, ज्यांना घरात शांत बसून वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

पण शिकायची रीत महत्त्वाची. एका वेळी एकच कौशल्य धरा. या आठवड्यात कॅटलॉग, पुढच्या आठवड्यात शीटमध्ये बेरीज, त्यानंतर लेबलची मांडणी. एक छोटा व्हिडिओ बघा आणि त्याच संध्याकाळी खऱ्या ऑर्डरीवर करून बघा. पाच व्हिडिओ लागोपाठ बघितले की शिकल्यासारखं वाटतं, हात मात्र तसाच राहतो. जमलं की शेजारणीला किंवा घरातल्या मुलीला शिकवा. तिने 'हे असंच का?' विचारलं आणि तुम्हाला सांगता आलं, तर ते तुमचं झालं. घरातल्या मुलांकडून शिकायलाही संकोच नको. फक्त मोबाइल त्यांच्या हातात देऊन 'तूच करून दे' म्हणू नका, मोबाइल तुमच्या हातात राहू दे आणि त्यांनी तोंडी सांगू दे.

पुढचं पाऊल कधी

ओळखीबाहेरची माणसं पुन्हा मागवायला लागली, म्हणजे वहीत तेच अनोळखी नाव दुसऱ्यांदा दिसलं, की मोठ्या विक्रीच्या साइटचा विचार करा. तिथे कमिशन कापलं जातं, ते आधी हिशोबात घाला. १४० रुपयांच्या पाकिटात ते बसतं का बघा, नसेल बसत तर दोन किंवा चार पाकिटांचा संच विका.

जीएसटीचं थोडक्यात असं: पापडावर कर शून्य आहे. मसाला, चिवडा अशा करपात्र वस्तू मात्र राज्याबाहेर पाठवायच्या तर नोंदणी आधी करावी लागते, उलाढाल कितीही छोटी असो. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना ४० लाखांपर्यंत मुभा आहे. दुसरी वस्तू वाढवण्याआधी एकदा सीएकडे तासभर बसा, ती फी वाया जात नाही.

आणि मालाची तयारी वर्षभर आधी करावी लागते. नवी नागली दिवाळीच्या पुढेमागे बाजारात यायला लागते, पापड लाटायचे फाल्गुन-चैत्रात. तेव्हा दिवाळी झाली की वही उघडा, कुठल्या महिन्यात किती पाकिटं गेली त्याची बेरीज करा, तुटीचे वाढवा आणि तेवढ्याच किलोची नागली हरसूल, पेठच्या आठवडे बाजारातून आणा. लाटायला दोघी-तिघींना आत्ताच सांगून ठेवा, मजुरी किलोमागे किती ते ठरवून. उन्हाळ्यात ऐन वेळी कुणी मोकळी सापडत नाही.